उठा, आप्पा

आमच्या नकाशे विभागात एक पद्धत फार जुनी आहे: वयाने मोठ्या माणसाने जागेवरून हलायचं नाही. पाणी हवंय, नकाशाची गुंडाळी हवीय, त्याने नुसती मान वर करायची; कोणीतरी धावतंच. आप्पा आमच्यात सगळ्यांत मोठे. त्यामुळे सकाळी खुर्चीत बसले की घरी जायलाच उठायचे. तरुणपणी उभ्याने नकाशे काढलेला हा माणूस, कॉम्प्युटर आले आणि पार बसला.

मग त्यांच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली. दवाखान्यातून परत आल्यावर चहाच्या वेळी मला हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, असेच बसून राहिलात तर पुन्हा होईल, आणि ती गाठ छातीत गेली तर खेळ खलास. थोड्या थोड्या वेळाने उठायचं."

"मग उठा की."

"उठू कसा? उठायच्या आत वस्तू हातात येते. नको म्हटलं तर पोरांना वाईट वाटतं. आणि हे तुम्ही त्यांना सांगू नका हं."

खोटं नव्हतं. आजारपणामुळे सगळ्यांच्या मायेला आणखीच ऊत आला होता. एकाने पाण्याचा जग टेबलावर आणून ठेवला, दुसऱ्याने पायाखाली स्टूल. भीड भिकेची बहीण म्हणतात. आप्पांच्या बाबतीत ती जिवावरच उठली होती.

मी मुळात फटकळ. म्हटलं, वाईटपणा आपणच घेऊ. जग उचलून खिडकीपाशी नेला, स्टूल कपाटामागे टाकलं. कोणी त्यांच्यासाठी उठलं की विचारायची, "त्यांना पाय नाहीत का?" आप्पा कुरकुरत खिडकीपर्यंत जायचे, यायचे. मला मात्र सगळे दगडाच्या काळजाची म्हणू लागले. जेवताना माझ्याशी कोणी बोलेना. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण आप्पा जायला नको होते मला.

मध्येच मी तापाने घरी पडले. तापापेक्षा तीच काळजी जास्त. अंगात कणकण होती तरी कामावर गेले.

माझं टेबल दाराशी, आप्पांचं पार आत भिंतीला. पाहते तर माझ्या टेबलावर पाण्याचा जग, नकाशांच्या गुंडाळ्या, आप्पांचा चष्मा. हात टेकायला जागा नाही.

"हे काय मांडलंय, आप्पा?"

ते उठून चालत आले. "तुम्ही नव्हतात. मग म्हटलं, जे लागतं ते इथेच ठेवावं. दर वेळी यावं लागतं."

"आणि पोरं आणून देत नाहीत?"

"सांगून टाकलं त्यांना सगळं. तुमच्या नावाने बोटं मोडत होती, ऐकवेना मला."

मला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून चष्मा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बरं, जा आता. आणि या थोड्या वेळाने."