मिशीवाली राणी

मिशीवाली राणी जगात एकच होऊन गेली, आणि ती विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात फिटर होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी तिथे हजेरी लिहायचो. हे गृहस्थ मालवणकडचे. गावच्या दशावतारात बायकांची कामं करत मोठे झाले आणि इथे कँटीनमधल्या कार्यक्रमांतही तीच करत राहिले. मिशी मात्र भरघोस. कुणी काढा म्हटलं की म्हणत, "बापूस जितो आसा माजो. मिशी काढू कशी?" शिवाय नाटकातले संकेत ते खुशाल आयुष्यातही वापरत. दशावतारात बाकड्याभोवती एक फेरी मारली की माणूस थेट काशीला पोहोचतो. एकदा उशिरा आले, म्हणून मी लाल खूण करायला पेन उचललं, तर त्यांनी शांतपणे माझ्या टेबलाला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आता टायमावर इलंय." खूण मी केलीच, पण क्षणभर हात अडखळला, हे कबूल करतो.

एका शनिवारी दुपारी कारखान्यात सत्यनारायण होता. घरच्यांनाही बोलावणं होतं, म्हणून मुलुंडहून आईला घेऊन आलो. पूजेनंतर कँटीनमध्ये नाटक, आणि त्यात राणीचं तान्हं मूल दगावतं. हे पहिली पाळी संपवून, हातांचं ग्रीस पुसून, नऊवारीत उभे. मूल म्हणजे गुंडाळलेला टॉवेल. पहिल्याच वाक्याला मागून कुणीतरी ओरडलं, "ए मावशी, आधी दाढी करून ये ना!" सगळे फिदीफिदी हसले. पेटी थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र दोन पावलं पुढे आले, पदर ओठांवर धरला आणि अगदी मायेनं म्हणाले, "मिशी बघूक इलात की राणीक? मिशी माजी आसा. राणी तुमची."

मग खाली बसून टॉवेलचं टोक जरासं बाजूला केलं आणि हलके थोपटू लागले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. थोपटता थोपटता हात सावकाश होत गेला आणि थांबला. शपथेवर सांगतो, मी त्या टॉवेलचा श्वास थांबलेला पाहिला. अख्ख्या कँटीनमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर आईच म्हणाली, त्यांना भेटू या. भटारखान्यामागे ते तोंडाचा रंग पुसत होते, गुंडाळलेला टॉवेल शेजारी तसाच. आईने हात पुढे केले. "द्या हो जरा माझ्याकडे." दुसरा कुणी टॉवेल झटकून दिला असता. त्यांनी एक तळवा डोक्याखाली धरून तो अलगद तिच्या हातांत ठेवला आणि ती परत देईपर्यंत तसेच उभे राहिले.

बसस्टॉपवर आईने मला एक नाव सांगितलं. तोवर मी स्वतःला तिचं पहिलं मूल समजत होतो.