खालूंची कंट्रोल रूम

बहरीनच्या बेटावर आजवर जेवढी माणसं हरवली त्यांतली निम्मी माझ्या बायकोच्या खालूंनी शोधून काढली, आणि उरलेली निम्मी केवळ त्यांना फोन न केल्यामुळे हरवलेली राहिली, असं माझं ठाम मत आहे. खालू म्हणजे मावशीचा नवरा. आम्हा कोकणी मुसलमानांत हे नातं तसं बेताचंच. लग्नात मांडवाच्या दाराशी उभं राहायला आणि दावतीत बिर्याणी पुरते की नाही ते बघायला खालू लागतो, एरवी त्याला कोणी विचारत नाही. पण आमच्या खालूंना बहरीनचं अख्खं विद्यापीठ विचारत होतं. नव्वदच्या दशकात ते तिथल्या सुरक्षा पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. कुठे गाडी ठोकली, कोणी लिफ्टमध्ये अडकलं, प्रयोगशाळेतून धूर येतोय असा कोणाला भास झाला, की फोन खालूंकडे यायचा आणि खालू वायरलेसवरून गस्तीची जीप तिकडे धाडायचे. काम एवढंच. पण ते असं काही ऐटीत चालायचं की खुद्द कुलगुरूंनीही त्यांच्याशी फोनवर बोलताना जरा जपून बोलावं.

मी त्याच इमारतीत मेंटेनन्सच्या तक्रारी लिहून घ्यायचो. गळके नळ आणि बंद पडलेले एसी हा माझा प्रांत. माझ्या टेबलात आणि कंट्रोल रूममध्ये फक्त एक काच होती, त्यामुळे खालू मला दिवसभर दिसायचे. बाहेर डांबर पायाला चिकटेल असा उन्हाळा, आणि आत खालू कानटोपी घालून, खांद्यावर शाल घेऊन बसलेले. यंत्रांसाठी तिथला एसी अष्टौप्रहर चालू ठेवावा लागे आणि खालूंना थंडी तर मुळीच सोसत नसे. समोर दोन फोन, एक वायरलेस, एक जाडजूड नोंदवही आणि खालांनी, म्हणजे मावशींनी, भरून दिलेला गवती चहाचा थर्मास. त्या थर्मासला हात लावायची परवानगी फक्त मला होती, आणि तीही झाकण लावण्यापुरती.

खालूंचा पहिला नियम असा की हरवलेल्या माणसाला तू कुठे आहेस हे कधीही विचारायचं नाही. "कंय हायस म्हणून इचारनारा येडा," ते म्हणायचे. "त्याना माहीत असता तर त्यानं फोन कशाला केला असता?" त्यांचे वडील रत्नागिरीकडच्या एका खाडीवर मच्छिमार होडीचे तांडेल होते. समुद्रात रस्त्यांना नावं नसतात. तिथे तांडेल किनाऱ्याकडे बघतो, मशिदीचा मिनार अमुक माडाच्या रांगेत आला ही एक खूण, आणि डोंगराचं टोक तमक्या खडकावर चढलं ही दुसरी. दोन खुणा जुळल्या की आपण कुठे ते पक्कं झालं. खालूंनी ही विद्या उचलून जशीच्या तशी विद्यापीठाला लावली होती. फोन करणाऱ्याला ते विचारत, पाण्याची टाकी दिसते का, तिच्या मागे काय आहे, तुझी सावली कुठे पडली आहे, कॅन्टीनच्या तळणाचा वास येतो का. तीन-चार प्रश्नांत माणूस सापडायचा. गस्तीच्या जीपना ते होडी म्हणायचे. "दोन नंबर की होडी, लायब्ररी के पीछे यल्ला!" असा हुकूम सुटला की बलुची, मल्याळी, बहरीनी असे सगळे ड्रायव्हर निमूटपणे आपापल्या होड्या हाकायचे.

या विद्येचा प्रसाद मला बहरीनमध्ये उतरल्या दिवशीच मिळाला होता. टॅक्सीवाल्याने मला खालू राहायचे त्या सनाबिसऐवजी जुफैरला कुठल्यातरी अर्धवट बांधलेल्या इमारतींमध्ये सोडलं आणि तो निघून गेला. एका कोल्ड स्टोअरवरून, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, मी रडकुंडीला येऊन फोन केला. पलीकडून खालूंनी ना सलाम घेतला ना खुशाली विचारली. "समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत काय?" मी म्हटलं, घातलेत. "कंय उडतात?" मी हात करून दाखवला. फोनवर हात दिसत नाही हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "समुद्राचा वास कुठच्या नाकपुडीत येतो?" असंही त्यांनी विचारलं होतं, आणि मी दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने दाबून खरोखर हुंगलं होतं. दुकानदार केरळचा होता. त्याने मला बसायला खोका दिला, पाणी दिलं आणि माझ्या पासपोर्टकडे जरा काळजीने पाहिलं. पाऊण तासात खालू माझ्यासमोर गाडी घेऊन हजर होते.

घरीही हेच चालायचं. सनाबिसच्या त्यांच्या तीन खोल्यांत, जिथे मीही राहायचो, खालू आरामखुर्चीत बसून सगळ्या घराची वाहतूक सांभाळायचे. "चाय निघाली काय? ओव्हर," असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, आणि आतून खाला ओरडत, "चाय हंय ओट्यावर हाय, पाय असतील तर न्या!" त्यांची मुलगी तिथल्या इंग्रजी शाळेत जायची. तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. शाळेची बस वळणावर आली की खालू खिडकीतून तिला सांगायचे, "तुझी होडी आली, धाव!" आणि ती दप्तर उचलत म्हणायची, "अब्बा, प्लीज! इट्स अ बस!" त्या पोरीवर त्यांचा भारी जीव. ती विज्ञान शाखेला होती, अकरावीत, आणि बारावी झाली की डॉक्टरकीला जाणार हे खालूंनी परस्पर सगळ्या होड्यांना जाहीर करून टाकलं होतं.

त्याच वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. बहरीनीच, तरुण, हुशार, परदेशातून कोर्स करून आलेले आणि बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी कंट्रोल रूमच्या भिंतीवर विद्यापीठाचा भलामोठा नकाशा लावला, त्याचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला एक अक्षर आणि एक आकडा दिला. यापुढे फोन करणाऱ्याला चौकोन विचारायचा आणि जीपला चौकोन सांगायचा, दुसरं काही बोलायचं नाही. होडी तर नाहीच नाही. खालूंची चाचणी घेतली गेली. साहेबांनी विचारलं, सी-सात म्हणजे काय? खालू म्हणाले, "साब, उधर एक बेर का झाड है, उसके नीचे दो नंबरवाला सोता है." उत्तर बरोबर होतं, पण साहेबांना हवं होतं ते हे नव्हे, आणि दोन नंबरवाल्यालाही ते नको होतं. खालू नापास झाले. त्यांच्या जागी चौकोनांचं शिक्षण घेतलेला एक नवा ऑपरेटर आला आणि खालूंना सांगण्यात आलं की महिनाअखेरीला व्हिसा संपतोय, तो पुढे वाढवला जाणार नाही.

व्हिसा गेला म्हणजे सगळं घर गेलं. पोरीची शाळा ऐन बारावीच्या तोंडावर सुटणार होती. घरी आरामखुर्चीतून ओव्हर ऐकू येईनासं झालं आणि खाला न सांगता चहा हातात नेऊन देऊ लागल्या. मला ते बघवत नसे. मी काचेतून बघायचो तर खालू नव्या पोऱ्याच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत कानटोपी घालून गप्प बसलेले असायचे, आणि पोऱ्या फोनवर विचारत असायचा, "सर, व्हॉट इज युअर स्क्वेअर?"

महिना संपायला चार दिवस होते. परीक्षेचा पहिला दिवस, सकाळचे साडेआठ, आणि वायव्येकडून धुळीचं वादळ उठलं. आमच्या काचेतून पार्किंगमधली पहिली गाडीसुद्धा दिसेना. नऊ वाजता पेपर सुरू व्हायचा होता, शेकडो मुलं हॉलमध्ये बसली होती, आणि प्रश्नपत्रिकांची व्हॅन मात्र पोचली नव्हती. ती फाटकातून आत आल्याची नोंद होती. आत आली आणि पुढे विद्यापीठाच्या नव्या भागात, जिथे रस्ते झाले होते पण पाट्या लागायच्या होत्या, तिथे कुठेतरी धुळीत गडप झाली. ड्रायव्हर मल्याळी, आठ दिवसांपूर्वी नोकरीवर लागलेला. वायरलेसवर त्याचा आवाज रडवेला झाला होता. नव्या ऑपरेटरने त्याला सहा वेळा चौकोन विचारला. "सर, स्क्वेअर नहीं है, सर, ओन्ली मिट्टी है!" परीक्षा विभागाचे दोन अधिकारी व्हॅनमध्ये बसले होते, ते एकमेकांवर ओरडताना आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. साहेब धावत आले, त्यांच्यामागोमाग मीही आत शिरलो. नऊला पेपर उघडले नाहीत तर परीक्षा रद्द. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

खालू उठले. त्यांनी पोऱ्याच्या हातातून माइक घेतला, अगदी हळूच, जसा झोपलेल्या पोराच्या हातातला खुळखुळा काढून घ्यावा. "मोने," ते ड्रायव्हरला म्हणाले. बाळा अशा अर्थाचा हा मल्याळी शब्द त्यांनी होड्यांवरच उचलला होता. "गाडी बंद कर. खिडकी नीचे कर. दोनों साब लोगों को बोल, खलास, चुप बैठो. अब सिर्फ कान से देख." मग त्यांनी पहिली होडी पूर्वेच्या सरळ रस्त्याला घातली आणि दुसरी दक्षिणेच्या. दोघांना पाळीपाळीने हुकूम दिला, सायरन चालू ठेवा आणि पाऊलभर वेगाने पुढे सरका. "मोने, पहिला सायरन बढ़ता है?" बढ़ता है, सर. "बढ़ता है?" बढ़ता है. "अब?" थोडा कम हुआ, सर! "एक नंबर, दो कदम पीछे. वहीं रुक." तेच दुसऱ्या होडीचं. नव्या साहेबांना त्यांनी मान न वळवता सांगितलं, "साब, उंगली रखो." आणि साहेबांनी आपल्याच नकाशावर पहिली होडी थांबली तिथे एक बोट ठेवलं, दुसरी थांबली तिथे दुसऱ्या हाताचं. खालूंनी खांद्यावरच्या शालीचे दोन धागे उपटले, एका बोटापासून एक आडवा, दुसऱ्यापासून दुसरा उभा ताणला. धागे जिथे एकमेकांवर आले तिथे ते क्षणभर बघत राहिले. "हवा आवाज को खींचती है," म्हणून त्यांनी आडवा धागा बोटभर वर आणि उभा बोटभर डावीकडे सरकवला. "यहाँ है. पंप हाउस के पीछे, खुदाई के बाजू में. मोने, गाडी मत हिलाना, तेरे सामने गड्ढा है."

त्याच्या समोर खरोखरच खड्डा होता. पहिल्या होडीचा ड्रायव्हर उतरून, पंपाच्या भिंतीला हात लावत चालत गेला आणि व्हॅनच्या बॉनेटवर आपटला. तो आदळल्याची दणकेबाज बातमी वायरलेसवर आली तेव्हा आठ वाजून एकावन्न मिनिटं झाली होती. जीपच्या मागोमाग व्हॅन हॉलला पोचली, नऊला एक मिनिट कमी असताना पाकिटं फुटली, आणि इकडे कंट्रोल रूममध्ये मी मेंटेनन्सचा कारकून असूनही टेबलावर चढून टाळ्या वाजवत होतो. नवा ऑपरेटर तर खालूंच्या पाया पडायला वाकला. खालूंनी त्याला उठवून खुर्चीत बसवलं आणि नोंदवहीत घडल्या प्रकाराची नोंद करायला सांगितली. "चौकोन पण लिही," ते म्हणाले. "साहेबांचा नकाशा नसता तर धागे कंय लावले असते?"

साहेब खालूंचा पासपोर्ट मागून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी व्हिसाचा शिक्का घेऊन स्वतः आले, पूर्ण दोन वर्षांचा. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाने पासपोर्ट टेबलावर ठेवला नाही, दोन्ही हातांनी खालूंच्या हातात दिला. संध्याकाळी सनाबिसला खालांनी सुरमई तळली आणि खालूंनी आरामखुर्चीतून दणक्यात विचारलं, "सुरमई निघाली काय? ओव्हर!" खालांना आत पदराने डोळे पुसताना मी पाहिलं. "निघाली, निघाली," त्या म्हणाल्या, "ओव्हर!" त्या घरात त्यांच्या तोंडून तो शब्द मी एवढा एकदाच ऐकला.

मुलगी बारावीला उत्तम पास झाली आणि तिला मुंबईत मेडिकलला प्रवेश मिळाला. साहेब म्हणाले, हाजी, आणखी दोन वर्षं वाढवून देतो. खालू नको म्हणाले. पोरगी तिकडे, आपण इकडे, मग आपण कोणासाठी बसायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांची पाळी संपत होती. त्यांनी वही बंद केली, कानटोपी काढून घडी घातली आणि माइक उचलून सगळ्या होड्यांना सांगितलं की मी निघतोय. उत्तरं येऊ लागली. बलुची ड्रायव्हरने दुवा दिली, मल्याळ्याने त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि सगळ्यात शेवटी साहेबांचा आवाज आला, स्वतःच्या गाडीतून, हाजी सोडून माझ्यासारखी हाक मारत. "खालू, खलास?"

"खलास, साब," खालू म्हणाले. पुढे त्यांना काही बोलायचं होतं, पण शब्द फुटेनात, आणि माइकचं बटण मात्र बोटाखाली दाबलेलंच राहिलं. एकाने बटण दाबून धरलं की बाकी कोणाला बोलता येत नाही. त्यामुळे दोन-तीन मिनिटं विद्यापीठातल्या प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक फाटकावर आणि साहेबांच्या गाडीत एक म्हातारा नाक ओढतोय, मध्येच थांबतोय, पुन्हा ओढतोय, एवढंच ऐकू येत राहिलं. मी काचेपलीकडे उभा होतो. आत जाऊन त्यांचं बोट उचलावं असं दोनदा मनात आलं, पण मी गेलो नाही. फाटकावर त्या वेळी ड्यूटीला असलेल्या शिपायाने मला नंतर सांगितलं की तेवढा वेळ त्याने एकही गाडी आत सोडली नाही, आणि आश्चर्य म्हणजे कोणी हॉर्नही वाजवला नाही.