बैठकीतला खिळा

बीडच्या जुन्या पेठेतलं ते घर जीवनने विकत घेतलं, तेव्हा भिंतींवर चुन्याचे इतके थर होते की कारभारीने खरवडायची पट्टी नुसती टेकवली तरी हाताएवढे पापुद्रे सुटून खाली पडत. कारभारी म्हणजे जीवनचा बाप, दिंद्रुडचा रंगारी. उभी हयात दुसऱ्यांची घरं रंगवण्यात गेलेली. पोराच्या घराला परक्याचा ब्रश लागू द्यायचा नाही, असं म्हणून तो सामानासकट येऊन राहिला होता.

बैठकीचं छत आधी झालं. माळवदाच्या तुळया, मधल्या फळ्या, सगळं खरवडून त्याने ऑइलपेंटचे दोन हात दिले. मान आखडली, डोळ्यांत कचरा गेला, तरी गडी खुशीत होता. शेजारचे बद्रीनाथकाका डोकावले तेव्हा जीवनने सरळ सांगितलं, "काका, हे माझे वडील. रंगकाम तेच करतात." ते ऐकून तर शिडीवर त्याची छाती फुगली.

बिनसलं ते समोरच्या भिंतीपाशी. तिथे जुन्या मालकाचा एक दणकट खिळा होता.

"आबा, तो खिळा काढा आणि लांबी-पुट्टी भरून भिंत सपाट करून टाका," जीवन म्हणाला.

"कावून? फोटो कशावर टांगायचा मंग?"

"फोटो आतल्या खोलीत लावू."

कारभारीचा हात थांबला. फोटो बाबासाहेबांचा होता, दिंद्रुडच्या घरातून त्याने सोबत आणलेला. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी ते घर आतून रंगवलं जाई. फोटो सगळ्यांत शेवटी उतरायचा आणि रंग वाळला की सगळ्यांत आधी चढायचा. तो चढल्याशिवाय चूल पेटत नसे. समोरच्या खोलीतली समोरची भिंत ही त्याची जागा.

"आतल्या खोलीत? गाद्या ठेवतेत तिथं?"

"आबा, इथं मी अकाउंट्सचा क्लास काढतोय. पोरांचे आईबाप येणार. भाड्याने जागा बघत फिरलो तेव्हा आडनाव ऐकून किती जणांनी दार लावलं, ते तुम्हाला माहीत नाही. आधी माझं शिकवणं बघू दे लोकांना. मग लावू की."

"मंग म्हंजी कवा? मी मेल्यावर?"

सून पौर्णिमा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामा, मी कालच यांना बोलले. ऐकतंय कोण?"

"तू गप बस," जीवन खेकसला.

"तिला कावून गप करतो बे?" कारभारी शिडीवरून खाली उतरला. "मालदारांची घरं रंगवलीत मी. माझा हात लागू नये म्हणून त्यांच्या बाया देवांचे फोटो स्वतः उतरवायच्या. पण भिंत वाळली की त्याच खिळ्याला पुन्हा लावायच्या. कोण काय म्हनंल म्हणून कुणी आपला देव गाद्यांत न्हाई लपवला! अन् तू? ज्याच्यामुळं शिकला, त्यालाच आत बसवतो?"

जीवनने शिडीवर चढून पकडीने खिळा उपसला. खिळ्याबरोबर मातीचं ढेकूळ सुटलं आणि भिंतीला पंजाएवढं भगदाड पडलं.

कारभारी ते भगदाड बघत राहिला. रागाने त्याचे कान तापले होते, पण फुटकी भिंत तशीच सोडून जाणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. त्याने सिमेंट कालवलं, भगदाड बुजवलं. ते सुकल्यावर लांबी भरली, घासली, रंग दिला. हे सगळं होईपर्यंत तो जीवनशी एक शब्द बोलला नाही. भिंत मात्र आरशासारखी झाली. तिथे कधी खिळा होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

रविवारी बद्रीनाथकाका नातवाच्या क्लासचं विचारायला आले. जीवन त्यांना खुर्ची देत होता, तेवढ्यात कारभारी आतून आला. हातात हातोडा आणि वीतभर खिळा. ताज्या भिंतीत कुणी साधी टाचणी खुपसली तरी अंगावर जाणारा हा माणूस. त्याने बरोबर त्याच जागी खिळा ठेवला आणि घाव घातले. रंग तडकला. खिळ्यापासून खाली एक लांब भेग गेली. पौर्णिमाने फोटो आणून दिला, त्याने टांगला.

बद्रीनाथकाकांनी फोटो बघितला, मग जीवनकडे बघितलं. "बरं सर, विचारून सांगतो घरी," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

"बघितलंत?" जीवन ओरडला. "गेलं पहिलं पोरगं! झालं समाधान?"

"न्हाई. आतली खोली राहिलीय अजून." कारभारीने पट्टी उचलली आणि आतल्या खोलीची भिंत खराखरा खरवडायला घेतली.

"आणि ती भेग?"

"राहू दे. मी न्हाई बुजवत."

फोटो जरा तिरका लागला होता. जीवनचा हात वर गेला तशी आतली खरखर थांबली. दारातून बाप बघत होता. जीवनने फोटो सरळ केला आणि पाय आपटत बाहेर निघून गेला.