दशम्यांचं दान

माझी मुलगी खात नाही. हे मी इतक्या लोकांना सांगून बसले आहे की आता ती माझी ओळखच झाली आहे. पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत शिकवते, राहते खामगावला, आणि हो, मुलगी खात नाही. पाच वर्षांची आहे. भातात कढीपत्त्याचा हिरवा ठिपका दिसला तरी ताट सरकवते. केळ्यावर काळा डाग चालत नाही. पोळी मोडलेली चालत नाही, अख्खी दिली तर मोठी वाटते. हिंगाचं वरण नको, बिनहिंगाचं वरण पिवळं दिसतं म्हणून नको. तिला विचारलं की एकच उत्तर, ‘वास येते.’ कशाचा वास, ते आजवर कळलेलं नाही.

अशा लेकराला घेऊन परदेशात जायचं माझ्या मनात नव्हतं. पण नवऱ्यानं ठरवलं होतं की आईला थायलंड दाखवायचं. माझ्या सासूबाई अमडापूरला असतात, शेत आणि घर दोन्ही पाहतात. गावातल्या बायांबरोबर बसनं बोधगया, सारनाथ करून आल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. जिथं सकाळी उठल्यापासून सगळा गाव बुद्धाचाच, असा एक देश आपण डोळ्यानं पाहावा. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं, तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी मोकळं हसल्या. मग मीही बॅगा भरायला घेतल्या. मनात मात्र पहिला विचार आला तो हाच की तिथं हिला काय खाऊ घालायचं.

त्याचं उत्तर सासूबाईंनीच आणलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या दशम्यांचा मोठा डबा घेऊन खामगावला आल्या. गुळाच्या, दुधात मळलेल्या, तेलावर खरपूस भाजलेल्या. दशमी ही त्या काळात माझ्या मुलीनं मान्य केलेली एकमेव गोष्ट होती. मी तो डबा पासपोर्टपेक्षा जास्त जपला. हॉटेलात पोचलो की आधी खोलीतला छोटा फ्रीज उघडायचा, त्यातल्या बाटल्या काढायच्या आणि डबा बसवायचा. बाकी सामान मग.

बँकॉक मी पाहिलं ते तिच्या तोंडाच्या मागे जेवढं दिसलं तेवढं. पहुडलेल्या बुद्धाची ती एवढी मोठी सोनेरी मूर्ती, लोक त्याच्या पायाच्या तळव्यापर्यंत चालत जातात. मला आठवतं ते हातातलं सोललेलं केळं, आणि ‘एक घास, फक्त एक’ म्हणत मी तिच्यामागे उलट्या दिशेनं चालले होते ते. नाश्त्याच्या हॉलमध्ये पंचवीस प्रकार मांडलेले असायचे. माझी मुलगी दारातच नाक धरायची. तिथल्या स्वयंपाकात माशाचं पाणी घालतात, त्याचा वास हॉलभर असतो, तेव्हा पहिल्यांदा तिचं म्हणणं मला पटलं. पण पटून पोट भरत नाही. मी पांढरा भात घ्यायची, त्यावर साखर. नाही. ब्रेडच्या कडा काढायची. नाही. उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढायची, मग पांढरं काढायची, शेवटी बशीत काहीच उरायचं नाही. एका पुण्याच्या बाईंनी शेजारच्या टेबलावरून मला समजावलं की त्या स्वतः मुलाला निवडीचं स्वातंत्र्यच देत नाहीत. त्यांचा मुलगा काट्या-चमच्यानं पपई खात होता. मी हो म्हटलं. भांडायला अंगात जोर लागतो.

पुण्याच्या बाईंचं मला काही वाटलं नाही, पण सासूबाईंचं लागायचं. त्या वाईट बोलत नाहीत, कधीच बोलल्या नाहीत. त्या फक्त पाहायच्या आणि मग काहीतरी साधंसं म्हणायच्या. भूक लागली का खाईल. आमच्या घरी एवढी पोरं झाली, कोणाच्या मागं वाटी घेऊन फिरलो नाही. एकदा व्हॅनमध्ये मी सगळ्यांकडे पाठ करून तिला भरवत होते, तेव्हा मागून म्हणाल्या, ‘मायच्या हातचं लेकरू काऊन खात नसंल?’ त्यांनी ते खिडकीबाहेर बघत म्हटलं, जणू पावसाचं विचारताहेत.  तो प्रश्न मला मुलगी दीड वर्षाची असल्यापासून पडत आलाय आणि मला त्याचा वीट आलाय.

मी दशम्या पुरवून वापरत होते. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. बाकीच्या वेळेला दूध, बिस्किटं आणि विनवण्या. हिशेब बरोबर बसत होता, परतीच्या विमानापर्यंत पुरल्या असत्या.

मग आम्ही उत्तरेला चियांग माईला गेलो. तिथल्या पहिल्या सकाळी सासूबाई नेहमीसारख्या उजाडायच्या आत उठून हॉटेलच्या दारात जाऊन बसल्या. थोड्या वेळानं त्या धावत वर आल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलेलं नव्हतं. फ्रीज उघडला, डबा घेतला आणि गेल्या. मला वाटलं, नातीसाठी एखादी दशमी गरम करून आणत असतील खालून. मी अर्धवट झोपेत होते. मुलीला उचलून मीही मागोमाग खाली गेले.

रस्त्यावर भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, चालले होते, एकामागं एक, अनवाणी, हातात पात्र. गल्लीतल्या बाया चपला काढून, गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भाताची पुडी, फळं ठेवत होत्या. आमच्याकडे पावसाळ्यात, वर्षावासात, भन्तेजी गावात येतात तेव्हा त्यांच्या जेवणाची घराघराला पाळी लागते. सासूबाईंची पाळी असली की त्या पहाटेपासून चुलीजवळ असतात आणि हात कोणाचा लागू देत नाहीत. पण भन्तेजी येतात ते गाडीनं, जेवतात सतरंजीवर बसून. पात्र घेऊन दारोदार चाललेला भिक्खूसंघ त्यांनी फक्त प्रवचनात ऐकला होता. आणि आता तो त्यांच्यासमोरून चालला होता, खराखुरा, पायाला धूळ लागलेला. त्या बायांच्या ओळीत माझ्या सासूबाई गुडघ्यावर होत्या, पांढरं पातळ डोक्यावरून घेतलेलं, आणि एकेका पात्रात एकेक दशमी ठेवत होत्या.

मी हाक मारू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण शेवटची दशमी गेली आणि ते सगळे थांबून आशीर्वादाचं मंगल म्हणू लागले. चाल वेगळी होती, पण शब्द तेच, आमच्या विहारात म्हणतात तेच पाली शब्द. साऱ्या प्रवासात कोणाचं अक्षर न कळलेल्या माझ्या सासूबाई त्यांच्याबरोबर ओठ हलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अशा माणसाला काय बोलणार? मी मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

ते पुढे गेल्यावर मी एवढंच म्हटलं की आई, दोन तरी ठेवायच्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘दानातलं मागं ठेवते काय कोणी?’ शेजारी दुकानात दान देण्यासाठी तयार पुड्या मिळत होत्या, मी दाखवल्या. तर म्हणाल्या की विकतचं कशाला द्यायचं, आपल्या हातचं असताना. एवढं बोलून त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावायला घेतलं, आणि तेव्हा कुठं त्यांची नजर माझ्या कडेवरच्या नातीकडे गेली. झाकण हातातच राहिलं. माझी मुलगी डब्यात वाकून पाहत होती.

खोलीत नवऱ्यानं ऐकलं आणि तो हसला. त्याला त्यात गंमत दिसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले, रडायला नाही, नुसती बसायला. अजून चार-पाच दिवस होते आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. बाहेर आले तर सासूबाई तयार होऊन दाराशी उभ्या होत्या. खांद्याला माझी ती पिशवी, जिच्यात वाटी, चमचा, ओला रुमाल असतो. म्हणाल्या, ‘आज हिले मी खाऊ घालतो. तू पाहू नको.’

त्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या स्तूपाला जाणार होतो. साऱ्या सहलीत सासूबाईंचं डोळे लावून बसण्यासारखं ठिकाण हेच होतं. घरी त्यांनी कॅलेंडरवरचा त्याचा फोटो कापून आरशाला लावला होता. गाडीतच त्यांनी नाश्त्यातला भात वाटीत काढून कामाला सुरुवात केली. चिऊचा घास झाला, काऊचा झाला. अमडापूरच्या बैलाचा झाला, तो विकला त्याला वर्ष झालं. मुलगी खिडकीबाहेर बघत तोंड मिटून बसली. सासूबाई हसून म्हणाल्या की नखरे आहेत, मोडतील. मी पुढच्या सीटवर होते. मागे वळायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि माझी मान दुखायला लागली.

स्तूपाला खूप पायऱ्या चढून जायचं असतं. पायथ्याशी खाण्याच्या टपऱ्या आहेत. तिथं पिशवीत बांधलेला चिकट भात आणि तळलेलं अंडं मिळालं. सासूबाईंनी दोन पुडे घेतले, झाडाखालच्या कट्ट्यावर नातीला बसवलं आणि आम्हाला वर पाठवलं. पाच मिनिटांत येतो म्हणाल्या.

मी वर गेले. हात मोकळे होते, त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. स्तूप सोन्याचा, उन्हात डोळे दिपवणारा. लोक हातात फुलं घेऊन त्याच्याभोवती शांतपणे फिरत होते. मीही फिरले. नवरा फोटो काढत होता. इतकी शांतता होती आणि मी मनात म्हणत होते, भात कोमट असेल की गार झाला असेल, अंड्याची कडा करपलेली तर नसेल, करपलेली असली तर ती काही तोंड उघडत नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली, सासूबाई आल्या नाहीत. मी नवऱ्याला थांबायला सांगून खाली उतरले.

त्या होत्या तिथंच होत्या. ऊन सरकून त्यांच्या अंगावर आलं होतं. पदराला भात लागलेला, बोटांवर भात वाळलेला. एका मांडीवर अंड्याचे तुकडे मांडले होते, अगदी बारीक, मी करते त्याहून बारीक. मुलगी समोर मुंग्या बघत बसली होती. तिनं काही खाल्लं नव्हतं. म्हणजे एक घास खाल्ला होता आणि तो परत दिला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला होता. अमडापूरला चाळीस बायांच्या कामावर उभी राहणारी बाई, ती एवढ्याशा तोंडापुढे हरून बसली होती.

मी शेजारी टेकले. म्हटलं, द्या इकडं, तुम्ही वर जाऊन या, स्तूप खूप सुंदर आहे. त्यांनी वाटी दिली नाही. हातातल्या गार घासाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

‘रोजचं असंच हाये काय हे?’

मी म्हटलं, रोजचंच.

‘तिन्ही टायम?’

मी मान हलवली.  समोरून शाळेची पोरं ओळीनं पायऱ्या चढून गेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं तसं, आणि विचारलं, ‘मंग तू कवा जेवतं वं?’

  उभ्याउभ्या, ओट्याशी, ती झोपल्यावर, शाळेच्या बसमध्ये, कधीकधी नाहीच, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, माझ्या आईनंही नाही. मुलगी काय खाते हे सगळ्या जगानं विचारलं होतं. मी तिथं परक्या देशात, त्या गर्दीत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. मग न उघडलेला दुसरा पुडा सोडून माझ्या मांडीवर ठेवला आणि मुलीचं बोट धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, आधी तुम्ही स्तूप बघून या, पुन्हा गर्दी वाढेल. वरून घंटांचा आवाज येत होता. त्यांनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं.

‘तू जेव,’ त्या म्हणाल्या. ‘बसून जेव. मंग जातो मी.’

मी जेवले. सावकाश जेवले, पुडा पुसून घेतला. तोवर त्या उन्हात उभ्या राहिल्या.