फिंतासची बोर

कुवेतमध्ये कुठल्याही नव्या साइटवर पहिली कुदळ पडण्याआधी आमचे मिस्त्री सेफ्टी शूज काढायचे. ऑगस्टमध्येसुद्धा. तापलेल्या वाळूत आळीपाळीने एकेक पाय उचलत, हात जोडून ते त्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचे, "हे जागेवाल्या, तुझ्या जागेत घर बांधतंव. चुकला-माकला सांभाळून घे."

मी साइट इंजिनिअर, पुण्याचा. एकदा न राहवून म्हटलं, "मिस्त्री, इथला जागेवाला अरबी. त्याला मालवणी कळणार का?"

"सायब, आधी इचारूक व्हया. कळता का नाय ता तो बघीत."

अशा माणसावर चिडावं की हसावं, हे तुम्हालाही ठरवता आलं नसतं.

मिस्त्री कणकवलीकडचे. गावच्या घराच्या अंगणात एक बोर होती, आणि तिच्याबद्दल ते इतकं बोलायचे की रिग्गईच्या वस्तीत त्यांच्या खोलीतल्या मंडळींना त्या बोरांची चव तोंडपाठ झाली होती.

फिंतासला एक जुनं कुवेती घर पाडून व्हिला बांधायचं काम आलं. आवाराच्या कोपऱ्यात एक म्हातारं काटेरी झाड होतं, इथले लोक त्याला सिद्रा म्हणतात. नकाशात त्या जागी गॅरेज होतं. मिस्त्रींनी पान चुरगळून हुंगलं, काट्यावर बोट टेकवून पाहिलं.

"सायब, ही आमची बोर. जागेवाल्याक इचारल्याशिवाय मी हिका हात लावचंय नाय."

जेसीबी येऊन उभा होता. मालक घड्याळ बघत होता. उशीर माझ्या माथी येणार म्हणून मी मिस्त्रींवर मनापासून वैतागलो होतो. ते मात्र बूट काढून झाडाखाली उभे राहिले.

तेवढ्यात मालकाची म्हातारी आई गाडीतून उतरली. हा अनवाणी माणूस काय करतोय, असं तिने मला विचारलं. माझं अरबी दुकानापुरतं. त्यात जागेवाला कुठून आणू? म्हटलं, "इथल्या जुन्या माणसाची परवानगी मागतोय."

ती मिस्त्रींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला विचार म्हणावं. इथली जुनी मीच."

मी ते सांगितलं. मिस्त्री वळले, "आजये," म्हणाले, आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून तिच्यासमोर घातलं. तिला एक अक्षर कळलं नसणार. तिने मुलाला जवळ बोलावलं. नवरी होऊन या घरात आले तेव्हापासून याच झाडाच्या पाल्याने केस धुतलेत, गॅरेज दुसरीकडे कर, असं सांगितलं.

पुढे काम संपेपर्यंत मिस्त्री त्या झाडाचे नातेवाईक असल्यासारखे वागले. बुंध्याला ओलं गोणपाट बांधलं. मुळांजवळ जेसीबी फिरकू दिला नाही, तिथला पाया स्वतः हाताने खणला. कुंपणाची भिंत झाडापाशी बाहेर वळवली. सरळ भिंतीला मध्येच पोट सुटल्यासारखं दिसतं. मी नाक मुरडलं होतं, आता मला तेवढीच भिंत आवडते.

मग ते कायमचे गावी गेले. पोहोचल्यावर फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले.

"सायब, भावान बोर तोडल्यान. स्लॅबाचा घर बांधूक." मग म्हणाले, "माका इचारल्यान नाय."

लगेच फिंतासच्या बोरीचं विचारलं, "थयली आसा मा?"

तेव्हापासून दर वर्षी झाडाला फळं धरली की मी फिंतासला जाऊन फोटो काढायचो आणि त्यांना पाठवायचो. "बरा वाटला," एवढंच उत्तर यायचं.

गेल्या गणपतीनंतर मिस्त्री वारले. मला त्यांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू.

यंदाही गेलो. भिंतीबाहेर फळांचा सडा पडला होता. सवयीने फोटो काढला आणि फोन हातात धरून उभा राहिलो. फाटकातून काठी टेकत आजी बाहेर आली. मूठभर फळं माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या मागे कोणी आहे का, ते पाहिलं.

"तो विचारणारा कुठे आहे?"

"घरी," मी म्हटलं.