एका माणसापुरतं इंग्लिश

इंग्लिश शिकवणाऱ्या माणसाकडं दोनच गोष्टी साठतात. खडूची धूळ आणि किस्से! इथं सीमाभागात, टिळकवाडीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. बाहेर बोर्डावर 'फाडफाड इंग्लिश बोला' असं लिहिलंय. धूळ मी रोज झटकतो, किस्से जेवताना बायकोला सांगतो. परवा ती म्हणाली, "हे सगळं एकदा लिहून काढा, म्हणजे माझे कान सुटतील." म्हणून हा खटाटोप.

*

शहापूरचे विठ्ठलअण्णा. घरात पिढ्यान् पिढ्या साड्या विणतात. एके दिवशी आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, इंग्लिश पायजे. लई न्हाय, एका माणसापुरतं."

"एका माणसापुरतं म्हणजे?"

मग कहाणी कळली. अण्णांचा एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याची नोकरी सोडून घरी आलेला. त्यानं हौसेनं नवे पॉवरलूम आणले, अण्णांच्या नावानं वाढीव विजेचा अर्ज केला, पण वीज मिळेना. कारण कचेरीतला क्लार्क अण्णांशी मराठीत बोलणार नाही आणि अण्णा त्याच्याशी कानडीत बोलणार नाहीत. दोघेही तत्त्वाचे! शेवटी वरच्या साहेबानं वैतागून सांगितलं, "इंग्लिशमध्ये बोला, पण काय ते मिटवा."

"मशीन चालू झालं न्हाय तर पोरगं परत पुण्याला जाणार सर. म्हातारपणी आम्ही दोघंच काय करायचं?" अण्णांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं.

"अण्णा, मग दोन शब्द कानडीत बोललात तर काय बिघडतंय?"

डोळ्यांतलं पाणी जागेवर आटलं. "मेलो तरी न्हाय!"

मी ॲडमिशन दिली. अशी तत्त्वनिष्ठ माणसं आहेत म्हणून तर माझी चूल पेटते.

*

त्याच आठवड्यात दुसरे एक गृहस्थ आले. बसवराज नावाचे, खांद्याला ऑफिसची बॅग. माझ्याशी कानडीत बोलले. त्याचा अर्थ असा, "सर, एका माणसापुरतं इंग्लिश शिकवा. एक हट्टी विणकर रोज खिडकीशी येऊन उभा राहतो."

मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी दोघं समोरासमोर आले. बाकी सगळे बाक भरलेले, एकच रिकामा. दोघं बसले. अण्णांनी मध्ये पिशवी ठेवली. बसवराजांनी पिशवीला लागून बॅग ठेवली. माझ्या क्लासात सीमाप्रश्न सुरू झाला!

*

इंग्लिशमध्ये शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. डिसीजन 'मेक' करायचं, होमवर्क 'डू' करायचं, फोटो 'टेक' करायचा आणि लक्ष 'पे' करायचं. मी म्हणालो, "ही लग्नं लागलेली आहेत. मेकची बायको डूच्या घरी पाठवायची नाही."

अण्णांनी हात वर केला. "सर, एवढं कशाला? आमच्यात एका 'मारणे'त भागतंय. चक्कर मारतो, गप्पा मारतो, झाडू मारतो, फोन मारतो. सहीसुद्धा मारतो."

बसवराज लगेच उठले. त्यांचं म्हणणं, कानडीत 'माडु'वर, म्हणजे 'कर'वर, सगळं चालतं. जेवण माडु, आंघोळ माडु, फोन माडु, लग्नसुद्धा माडु!

"म्हणजे इंग्रजांनाच काम न्हवतं," अण्णा फळ्याकडं बघून म्हणाले.

"येस," बसवराज म्हणाले, तेही फळ्याकडंच बघून.

दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पिशवी आणि बॅग मात्र जागेवरच होत्या.

*

आमचा संतोष गुंजीहून रेल्वेनं येतो. त्यानं जोड्या अशा घोकल्या की झोपेतही म्हणेल. नोकरीच्या मुलाखतीला गेला. साहेबांनी सहज विचारलं, "व्हॉट डू यू डू?"

संतोषनं 'डू'ची आख्खी यादी म्हणून दाखवली. होमवर्क, शॉपिंग, लॉन्ड्री, डिशेस! साहेब भारावले.

"डिशेस पण? उद्यापासून ये."

हॉटेलचे साहेब होते ते. मी काय केलं? बोर्डावर त्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमचा विद्यार्थी, थेट हॉस्पिटॅलिटी क्षेत्रात!' त्या महिन्यात नवीन बॅच भरली. क्लास असाच चालतो.

*

प्रमिलाबाई जवळच्याच अपार्टमेंटमध्ये राहतात. तिथं अर्धे मराठी, अर्धे कानडी. भांडण नको म्हणून सोसायटीची मीटिंग इंग्लिशमध्ये. विषय होता पाण्याची टाकी धुण्याचा.

बाईंनी सुरुवात केली, "वी मस्ट मेक अ प्लॅन."

कोणी म्हणालं, "वी मस्ट टेक ॲक्शन." मागून आवाज आला, "पे अटेन्शन!" सगळे माझेच विद्यार्थी. मी शिकवलेली एकही जोडी वाया गेली नाही. ऊर भरून आला.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाकी अजून तशीच आहे.

*

एकदा मी संवादाचा तास घेतला. मुद्दाम भूमिका उलट्या दिल्या. अण्णा क्लार्क, बसवराज गिऱ्हाईक.

अण्णा टेबलामागं बसले आणि त्यांचा चेहराच बदलला. बसवराज समोर येताच त्यांनी घड्याळ बघितलं. "लंच. कम टुमॉरो."

वर्ग हसला. बसवराज परत आले. "टेक अ सीट," अण्णा म्हणाले, आणि खुर्ची पायानं मागं ओढून घेतली! वर्ग खिदळायला लागला.

बसवराज मात्र हसले नाहीत. "सर, माय लूम इज स्टॉप," ते म्हणाले. "माय सन विल गो पुणे. ओन्ली वन सन, सर."

कुणीच हसेना. कचेरीच्या खिडकीतून अण्णांचं गाऱ्हाणं रोज ऐकून बसवराजांना ते पाठ झालं होतं. अण्णा उठले आणि जागेवर जाऊन बसले.

तास संपल्यावर बसवराज म्हणाले, "सॅटरडे आय विल टेक अ लुक."

*

शनिवारी मला दोघांनीही अण्णांच्या घरी बोलावलं. अण्णा म्हणाले, "अडलो तर मागनं ढकला सर." बसवराजांचंही म्हणणं तेच.

पॉवरलूमवर कापड झाकलेलं. प्रशांत भिंतीला टेकून उभा. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट त्यानं काढलेलंच होतं, काय होईल त्यावर ठरवणार होता.

"प्लीज टेक अ लुक," अण्णा म्हणाले.

"आय विल टेक अ लुक," बसवराज म्हणाले, आणि बघू लागले.

तेवढ्यात पाहुण्याला चहा द्यायचं राहिलं हे अण्णांच्या ध्यानात आलं. ते आत वळून ओरडले, "लगू चा माड, साहेबर बंदार!" म्हणजे लवकर चहा कर, साहेब आलेत!

आतून त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, तितक्याच खणखणीत कानडीत उत्तर दिलं. अक्कांचं माहेर बैलहोंगलकडचं, पक्क्या कानडी मुलखातलं. लग्न झाल्यापासून नवरा-बायको घरात कानडीच बोलतात!

बसवराजांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. ते काही बोलणार, इतक्यात त्यांचा फोन वाजला. निपाणीहून त्यांची आई!

"व्हय गं आई, जेवलो. न्हाय, अजून कामावरच हाय. तू गोळी घेतलीस न्हवं?"

आता अण्णांचं तोंड उघडंच राहिलं.

प्रशांत एकदा वडिलांकडं बघायचा, एकदा बसवराजांकडं. "म्हणजे अण्णांच्या कानडीगत साहेबांस्नीबी मराठी येतंय?" त्याचा आवाज चढला. "आणि मी उन्हाळ्यापासनं मशीन झाकून बसलोय? घाला चुलीत तुमची भाषा! मी निघालो पुण्याला!"

तो दाराकडं निघाला. बसवराजांनी धावत जाऊन त्याचा दंड पकडला.

"थांब रं! आई-बापाला सोडून कुठं चाललास? ही बघ, सही करतोय न्हवं!"

आणि तिथंच, लूमवर वाढीव विजेचा कागद टेकवून, त्यांनी सही केली. प्रशांतनं ती दोनदा बघितली आणि जाऊन लूमवरचं कापड ओढून काढलं.

अण्णांना राहवेना. त्यांनी बसवराजांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "भाळ छोलो आत री, साहेबर! लई चांगलं झालं, लई..."

बसवराजांनी हात हळूच सोडवून घेतले, पेनाला टोपण लावलं आणि शर्ट सारखा केला.

"मिस्टर विठ्ठल, आय ॲम ऑन ड्यूटी. इंग्लिश, प्लीज!"