चिंतामणी सरांचा जोड

चिंतामणी सरांनी एकतीस वर्षांत कुणालाही वीसपैकी वीस दिले नाहीत. गुण जणू त्यांच्या परसातल्या कलमाला लागत होते आणि गावातले सगळे चोर त्यावर टपून बसले होते.

रत्नागिरीतल्या एका टेक्निकल शाळेत ते धातुकाम शिकवत. आठवीत कानस कशी धरायची ते, आणि नववीत जॉब. जॉब म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्या. एकीला चौकोनी खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारा दात. कानशीने घासघासून दात खाचेत बसवायचा, बसला की सरांना दाखवायचा. याखेरीज त्या वस्तूचा जगात कुणाला काडीचा उपयोग नाही, आणि बहुधा म्हणूनच ती अभ्यासक्रमात टिकून आहे.

सरांची तपासणी सोपी होती. जोड खिडकीशी धरायचा, फट दिसली की "उजेड दिसतो" म्हणायचं आणि गुण कापायचे. ही सवय शाळेपुरती राहिली असती तर ठीक. पण मांडवीच्या घरी ते पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघत. त्यांच्या बायकोने, सुमेधाताईंनी, एकदा ती पोळी शांतपणे परत डब्यात ठेवली, आणि त्या दिवशी सर नुसता भात जेवले. लेकीला, आर्याला, देवरूखच्या सलिलचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या पुढच्या दातांतली फट पाहून सर चार माणसांदेखत तेच दोन शब्द बोलले. आर्याने त्याच्याशीच लग्न केलं. तिचा संसार छान चालला आहे, हे सरांना अजून पटायचं आहे.

वर्कशॉपच्या कपाटात एक नमुना असे. सरांनी स्वतः विसाव्या वर्षी केलेला जोड. दरवर्षी तो मुलांसमोर खिडकीशी धरला जाई, आणि उजेडाचा कणही दिसत नसे. "याच्याइतका जोड आणा, वीसपैकी वीस घेऊन जा," सर सांगत. कुणी आणला नाही. निलेश नावाच्या एका मुलाला तेरा मिळाले होते. तो पुढे बोटीवर इंजिनियर झाला आणि एवढं मोठं इंजिन बिचारा तेरा गुणांवर चालवतो.

यंदा महिनाअखेरीला सर निवृत्त व्हायचे होते. इतकी वर्षं सांभाळलेला नेम शेवटच्या तुकडीत मोडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. नेमकी त्याच तुकडीत ईशा निघाली. तिला पंधरा मिळाले, आणि चिंतामणी सरांकडून पंधरा मिळाल्यावर गप्प बसायचं असतं, ही शाळेची रीत तिला कुणी सांगितली नव्हती.

"सर, माझे पाच कुठे गेले?"

"कपाटातला जोड काढ. डिझेलने स्वच्छ पूस आणि डोळे उघडून बघ. कुठे गेले ते कळेल."

शिक्षा तशी नामी होती. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून त्या जोडावर कायम ग्रीसचा जाड थर असे. तो कधी पुसून पाहावा असं एकतीस वर्षांत सरांच्या मनात आलं नव्हतं.

ईशाने पुसला. खिडकीशी धरला. उलटून पुन्हा धरला. मग हळूच म्हणाली, "सर, उजेड दिसतो."

सरांनी जोड तिच्या हातातून हिसकावला. खाच आणि दात यांच्या मधून उन्हाची लख्ख रेघ येत होती. इतकी वर्षं ती फट ग्रीसने बुजवून ठेवली होती.

वर्कशॉपचा शिपाई दादू मदतीला धावला. "खाऱ्या हवेनं खाल्ला असंल, सर. मी दर शनवारी ग्रीस थापत हुतो, पर हवा कुनाचं ऐकते?"

पळवाट चांगली ऐसपैस होती आणि सरांनी ती घेतलीही असती. पण खाचेच्या कडेला कानशीचे ओरखडे अजून स्पष्ट होते, आणि ते सगळेच्या सगळे डावीकडे कलले होते. गंज असा कलून खात नाही, शिकाऊ हात कलतो. याच चुकीसाठी सरांनी आजवर किती पोरांचे गुण कापले असतील, त्याची गणती नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

त्यांनी दोन्ही जोड शेजारी शेजारी धरले. ईशाच्या जोडातली रेघ जास्त बारीक होती. मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला खोटं मोजता येईना. आपल्या जोडाला त्यांनी मनातल्या मनात चौदा दिले, आणि शब्द दिला होता म्हणून ईशाच्या नावापुढे वीस लिहिले.

"पण सर, माझ्यातूनही उजेड दिसतोच आहे की!"

"अगो, लिहिलेत ना वीस? आता तरी गप्प बस," सर खेकसले.

मधल्या सुट्टीत त्यांनी निलेशला फोन लावला. तो रजेवर घरी आला होता. ख्यालीखुशाली न विचारता सरांनी एका दमात सांगून टाकलं, "निलेश, मी तुमच्यापुढे जो जोड नाचवायचो ना, तो चौदाचाच निघाला रे. मला माफ कर."

निलेश रागावेल, फोन आपटेल, सगळ्याची सरांनी तयारी ठेवली होती.

"चौदा?" निलेश आनंदाने ओरडला. "म्हणजे सर, मी तुमच्यापेक्षा एकानेच कमी होतो? आणि इतकी वर्षं मी सात धरून चाललो होतो!"